पहिली रहस्यकथा, नायिका शेरिफ

विनोदी रहस्यकथेने लेखनाला सुरुवात करताय, आणि नायिका अमेरिकेतली शेरिफ, झकास! आधी एक गोष्ट पक्की करा. तिथे बहुतेक राज्यांत शेरिफला, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या भागाच्या) पोलिसप्रमुखाला, तिथले मतदार निवडून देतात, साधारण ४ वर्षांसाठी. म्हणजे तुमच्या नायिकेचा जवळपास प्रत्येक संशयित तिचा मतदार! बेकरीवालीची उलटतपासणी घ्यायची आणि तिचं मतही टिकवायचं. विनोद इथून काढा, प्रेतावरून नको.

नवखे हमखास इथे चुकतात:
- खुनी शेवटी अचानक उगवतो. तो सुरुवातीच्या प्रकरणांतच वाचकाला भेटू द्या.
- रक्तपात रंगवतात. या प्रकारात खून पडद्याआडच बरा.
- बाकीचे सगळे बावळट. डेप्युटीलाही (तिच्या हाताखालच्या अधिकाऱ्यालाही) एखादा धागा सापडू द्या.

न्यायवैद्यक तपशील सध्या बाजूला ठेवा. खुनी कोण आणि का, एवढं आजच लिहून काढा.