मॉवरच्या डेकचा पट्टा वारंवार सुटतो किंवा जळतो: दोष पट्ट्याचा की यंत्राचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरातील एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर आपण बसून चालवायचा ४२ इंची मॉवर, म्हणजे गवत कापायचे यंत्र, वापरता, पावसाळा लागल्यापासून डेकचा, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या कवचावरचा, पाती फिरवणारा पट्टा कधी निसटतो तर कधी जळका वास येतो, उद्यमनगरातून आणलेला नवा पट्टाही पंधरवड्यात गेला, तेव्हा आता एक माप लहान पट्टा टाकावा का? लहान पट्टा मुळीच टाकू नये. नवा विकत घेण्याआधी गेलेला पट्टा पुसून उजेडात नीट पाहावा, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतले बहुतेक पट्टे आपण होऊन गेलेले नसतात. डेकच्या दुसऱ्या कुठल्या तरी भागाने त्यांना संपवलेले असते आणि त्याची खूण पट्ट्यावर राहिलेली असते.

एकाच जागी पट्टा जळून काळा, गुळगुळीत झाला असेल, तर पट्टा जागच्या जागी अडकला होता आणि इंजिनाची पुली त्याच्याखाली फिरत राहिली, असा त्याचा अर्थ. अशा वेळी पात्यात काही अडकले होते का आणि एखादे बेअरिंग जाम झाले आहे का, हे पाहावे. दोन्ही कडा सगळीकडे सारख्याच चकाकत असतील तर पट्टा घसरत होता, म्हणजे ताण कमी पडत होता. एकाच बाजूची कड दोरे सुटल्यासारखी झाली असेल तर पुल्या एका पातळीत नाहीत, किंवा पट्टा निसटू नये म्हणून पुलीजवळ बसवलेली सळई वाकून पट्ट्याला घासते आहे. पट्टा नवा असूनही पुलीवर उलटा होत असेल, तर बसवताना तो स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून चढवला गेला आणि आतला दोर तुटला, अशी शंका घ्यावी. ही चूक मेस्त्रीमंडळींकडून सर्रास होते.

पुढची तपासणी करताना इंजिन थंड होऊ द्यावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि स्पार्क प्लगची वायर बाजूला करावी. पट्टा उतरवण्यापूर्वी त्याचा मार्ग दिसेल असा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मग प्रत्येक पुली हाताने फिरवावी. स्पिंडलची, म्हणजे पाते धरणाऱ्या आसाची, पुली खरखर न करता फिरली पाहिजे, आणि जाड हातमोजा घालून पात्याचे टोक वरखाली हलवल्यास खेळ जाणवता कामा नये. ताण देणारी पुली, म्हणजे आयडलर, बोटाने झटका दिल्यावर कोरडा आवाज करत बराच वेळ फिरत राहिली, तर आतले ग्रीस संपले आहे. अनेक डेकमध्ये ६२०३ क्रमांकाचे सीलबंद बेअरिंग असते आणि ते कुठेही सहज मिळते. तरी जुन्यावरचा क्रमांक वाचूनच घ्यावे.

आपला त्रास पावसाळ्यात सुरू झाला, म्हणून माझा पहिला संशय आयडलरच्या हातावर, म्हणजे ती पुली ज्यावर बसते त्या फिरत्या दांडीवर, आहे. पन्हाळ्याकडच्या एका फार्महाउसवरून आलेल्या यंत्रात नेमका हाच दोष होता. मालकाने पट्टा आणि स्प्रिंग दोन्ही बदलली होती, तरी पट्टा सैलच राहत होता. डेकवरची झाकणे काढल्यावर दिसले की ओले गवत आणि तांबडी माती त्या हाताच्या खाली थरावर थर बसून वाळली होती, इतकी की पेचकसाच्या टोकाने खरवडताना तिचे ढलपे निघत होते. स्प्रिंग खेचत होती, पण हात अर्ध्यावरच अडत होता. थर काढून, हात ज्या बोल्टावर फिरतो तो साफ करून, झिजलेला बुश, म्हणजे त्या बोल्टाभोवतीची नळी, बदलला, आणि जो पट्टा टाकाऊ ठरला होता तोच पुन्हा चालला. बुश झिजला की आयडलर तिरका बसतो आणि पट्टा एका कडेने बाहेर पडू पाहतो, म्हणून नुसती सफाई करून थांबू नये. स्प्रिंग काढून हातात घ्यावी. मोकळी असताना वेटोळ्यांमध्ये फट दिसत असेल तर ती ताणली गेली आहे.

त्यानंतर सर्व पुल्यांवरून एक सुतळी ताणून धरावी. पुल्यांच्या कडा तिला सारख्या लागत नसतील तर स्पिंडलचे घर तडकले आहे किंवा दगडावर आपटून डेकचा पत्रा वाकला आहे. डेक टांगणारे दुवे डावी-उजवीकडे कमीजास्त झाले असले, तरी इंजिनाच्या पुलीवर पट्टा तिरका येतो आणि वळण घेताना सुटतो. पुलीच्या खाचेचा तळही पाहावा. व्ही पट्टा, म्हणजे खाली निमुळता होणारा हा पट्टा, बाजूच्या भिंतींवर पकड घेतो, तळाला टेकत नाही. तळ चकाकत असेल तर पट्टा किंवा पुली झिजली आहे.

पाती लिव्हरने जोडली जातात की बटनाने, हे आपण लिहिलेले नाही. लिव्हरच्या यंत्रात पट्टा सैल पडल्यावरच पाती थांबतात, म्हणून आखूड पट्टा टाकला तर लिव्हर सोडूनही ती फिरत राहतील, आणि विद्यार्थ्यांचा वावर असलेल्या मैदानावर हे फार धोक्याचे आहे. बटनाच्या यंत्रात जळका वास विजेच्या क्लचचाही असू शकतो, तेव्हा बटन दाबल्यावर क्लचपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचते का, हे मीटर लावून पाहावे.

गिरणीच्या पट्ट्यावर राळ टाकायची जुनी सवय इथे उपयोगाची नाही. पकड तासाभरापुरती मिळते, आणि नंतर त्याच चिकट्यावर गवत बसते.

आता खरेदीविषयी. दुकानात ‘ए-५०’ असे सांगितले की ५० इंच आतल्या मापाचा पट्टा मिळतो, तर मॉवरच्या पुस्तिकेत माप बहुधा बाहेरचे दिलेले असते, आणि ए प्रकारात (ए, बी ही पट्ट्याच्या जाडी-रुंदीची नावे) या दोहोंत साधारण २ इंचांचा, बी प्रकारात ३ इंचांचा फरक पडतो. ताणलेला जुना पट्टा मोजून नवा घेतल्यानेही माप चुकते. शिवाय कारखान्यातल्या सर्वसाधारण पट्ट्यात पॉलिएस्टरचा दोर असतो. मॉवरमध्ये पट्टा आयडलरवर पाठीकडून उलटा वाकतो आणि पाती जोडताना दर वेळी झटका बसतो, म्हणून अरामिड या फार मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोराचा, कापडी वेष्टनाचा पट्टा, यंत्राच्या पार्ट नंबरप्रमाणे मागवावा. तो महाग पडतो, पण आपण बदललेल्या पट्ट्यांच्या खर्चापुढे ती रक्कम फार वाटणार नाही. बसवल्यावर पाती मध्यम थ्रॉटलवर जोडावीत, मगच इंजिन पूर्ण वेगावर न्यावे, आणि गवत फार वाढले असेल तर पहिल्या फेरीत डेक उंच ठेवावा.