बारावीचं वर्ष आहे, खेळ बंद

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री ओटा आवरल्यावर वाचला आणि झोपच उडाली. यजमानांना कंपनी डॅलसला पाठवतेय, मुलगी नाशिकला आठवीत, चौदा वर्षांखालच्या गटात राज्य पातळीवर बास्केटबॉल खेळलेली. अमेरिकेत शाळेच्या टीममधून चमकलं की कॉलेज फुकट होतं म्हणतात, आणि कॉलेज ठरलेल्या काही मुली शाळेचा शेवटचा सीझन सोडून नुसतं ट्रेनिंग करतात, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. दुसरं खरं आहे. आमच्याच घरात झालंय, याच हिवाळ्यात. पहिलं अर्धंच खरं आहे, त्यावर येते.

घरभाडं, इन्शुरन्स, लायसन्स यांवर मी काही लिहीत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं. माझं सांगणं जरा पसरट होईल, सांभाळून घ्या.

आम्ही नागपूरचे. जून २०२२ मध्ये डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात आलो, तेव्हा लेकीची आठवी झाली होती. शाळेत नाव घालताना इथे एक कागद देतात, घरी कोणती भाषा बोलता असं विचारणारा. आम्ही ऐटीत 'मराठी' लिहिलं. मुलगी स्वतः कोणती भाषा जास्त बोलते? तिथेही मराठी. खोटं कशाला लिहायचं? पण इंग्रजी सोडून दुसरं काही लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, हे आम्हाला कुठे माहीत. नर्सरीपासून इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली पोर, पण अनोळखी खोलीत हेडफोन लावून बोलायचं म्हटल्यावर बावरली, पुटपुटली. झालं! नववीला तिला नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. त्याचं संमतिपत्र घरी आलं होतं, त्यात 'नको' म्हणायची सोय होती. आम्ही न वाचता सही केली. शाळेकडून आलेल्या कागदावर सही करून पाठवायची असते, एवढंच आपल्याला ठाऊक.

हे अजून का खुपतं? कारण डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सर्वांत वरच्या पातळीवर, खेळायचं तर एनसीएएच्या (कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था) हिशेबात शाळेतले सोळा कोअर, म्हणजे मुख्य, विषय लागतात. त्यात इंग्रजीची चार वर्षं. सोळातले दहा विषय बारावी सुरू व्हायच्या आत संपवायचे, आणि त्या दहातले सात इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचेच हवेत. शाळेचे कोणते कोर्स धरतात त्याची यादी असते. लेकीचं नववीचं इंग्रजी त्या यादीत नव्हतं. आम्हाला हे कळलं अकरावीत! मग एका उन्हाळ्यात, स्पर्धांच्या मधल्या दिवसांत, हॉटेलच्या खोलीत बसून तिने अख्ख्या वर्षाचं इंग्रजी ऑनलाइन संपवलं. समुपदेशक बाईंना मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, ती खेळाडू आहे हे आमच्या नोंदीत नव्हतं. टेक्सासमध्ये खेळाचा तास रोजच्या वेळापत्रकात असतो, बरं का. तो त्यांनीच लावला होता.

नावाचा घोळ तर विचारूच नका. पासपोर्टवर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव, आपल्या पद्धतीप्रमाणे. शाळेच्या एका नोंदीत ती दोन नावं चिकटून एक झाली, दुसरीत वडील गायब. एनसीएएचं खातं एका नावाने, शाळेची गुणपत्रिका दुसऱ्या. दुरुस्तीला सहा आठवडे लागले. दर वेळी शाळेच्या ऑफिसातली बाई गोड हसून म्हणायची, मेल टाका. टाकलाय हो, चारदा टाकलाय. तुम्ही मुलीचा पासपोर्ट नवा करणार असाल तर वडिलांचं नाव कुठे घालायचं याचा आधीच विचार करा.

आता फुकट कॉलेज. डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या साडेतीनशेच्या वर टीम आहेत आणि एकेका टीममध्ये पंधराच्या आसपास मुली. सर्वांत खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी पैसे मिळत नाहीत, हार्वर्ड-येलसारख्यांच्या आयव्ही लीगमध्येही नाहीत. कॉलेजांचे कोच मुली हेरतात त्या बहुतेक उन्हाळ्यातल्या क्लबच्या स्पर्धांत, शाळेच्या सामन्यांत कमी. क्लबची फी, हॉटेलं, गाडीचा गॅस मिळून आमचे एका वर्षी सहा हजार डॉलर गेले, म्हणजे तो 'फुकट' शब्द कुणी उच्चारला तर माझ्या यजमानांना ठसका लागतो. आणि एवढ्यासाठीच अमेरिकेला यायला हवं असंही नाही. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून खेळली, पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात गेली. दोघी भारतात वाढलेल्या.

शिवाय गेल्या काही वर्षांत खेळ बदललाय. खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात गेला की वर्षभर बाहेर बसायचा, ती अट गेली. मग कोच म्हणतो, शाळेतली कोवळी पोर कशाला, तीन वर्षं मुरलेली दुसऱ्या कॉलेजातून आणतो. म्हणजे सतराव्या वर्षी आत जाणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी बावीस वर्षांच्या बाईशी अंगाला अंग लावून उभं राहायचं असतं. सीझन सोडून वजनं उचलत बसण्यामागे हे आहे. नुसता नखरा नाही तो. मला आधी तसंच वाटलं होतं.

आमची सहा फूट उंच. (उंची आजोळची, माझी नाही.) गेल्या सप्टेंबरात एका मधल्या फळीतल्या कॉलेजला तिने तोंडी होकार दिला. त्याच महिन्यात गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन दुखायला लागला. कॉलेजच्या कोचनी 'खेळू नकोस' असं एकदाही म्हटलं नाही. 'जूनमध्ये आम्हाला तू पूर्ण बरी हवी आहेस' एवढंच म्हणाले, आणि व्यायामाचं वेळापत्रक पाठवलं. आठवड्याचे पाच दिवस, पहाटे. ते वेळापत्रक आणि शाळेचा सीझन एका पोरीच्या अंगात मावणारे नव्हते, हे कुणालाही दिसलं असतं. ऑक्टोबरात, शाळेचा सराव सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, पोळ्या करताना ती माझ्यामागे येऊन म्हणाली, आई, मी यंदा शाळेकडून खेळत नाहीये.

मी रात्ररात्र फोनवर वाचत बसले. तिला खेळायला लावण्याजोगं काही सापडतंय का, ते शोधत होते, खोटं कशाला बोलू. कनेटिकट विद्यापीठाकडून नाव कमावलेल्या ॲझी फडचा गुडघा शाळेत असताना गेला तो २०१९ च्या एप्रिलमध्ये, थ्री बाय थ्रीच्या (तीन-तीन जणींच्या) स्पर्धेत, शाळेच्या सामन्यात नाही. इजिप्तची याना अल-अल्फी जानेवारी २०२३ मध्येच, वर्ष अर्धं झालेलं असताना, त्याच कनेटिकटच्या टीममध्ये दाखल झाली, आणि त्याच उन्हाळ्यात देशाकडून खेळताना तिचा टाचेचा स्नायुबंध तुटला. बघ, मी लेकीला म्हटलं, सीझन सोडला काय नि लवकर गेलं काय, पाय मोडायचा तेव्हा मोडतोच. ती म्हणाली, आणि फड २०२५ च्या फायनल फोरची (कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या चार टीमची फेरी) सर्वोत्तम खेळाडू ठरली ते नाही वाचलंस? मी गप्प.

शाळेच्या कोचनी अर्ध्या मिनिटात 'ओके' म्हटलं आणि लॉकर रिकामा करायला सांगितला. तीन वर्षं पोर त्यांच्याकडे होती. खेळाच्या तासाची वेळापत्रकात पोकळी झाली, तिथे तिला ऑफिसात मदतनीस म्हणून लावलं. म्हणजे जी मुलगी कॉलेजात खेळाच्या बळावर जाणार, ती शाळेत रोज एक तास पाकिटं चिकटवत होती. नोव्हेंबरात कॉलेजच्या करारावर सही केली, ती आमच्या ओट्यापाशी, मागे गणपती. बाकीच्या मुलींच्या सह्या शाळेच्या हॉलमध्ये झाल्या, फुगे लावून. आम्हाला बोलावणं आलं होतं. तीच नको म्हणाली.

नागपूरला माझ्या बाबांना फोनवर सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, अर्धंच ऐकू येतं. म्हणाले, "बरं झालं. बारावीचं वर्ष आहे, खेळ बंदच पाहिजे."

मी हसले आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. १९९६ साली हेच वाक्य त्यांनी मला म्हटलं होतं. मी खो-खो खेळायचे. खांबापाशी सूर मारायची ती मी. हनुवटीखाली अजून व्रण आहे. बारावीला ते बंद झालं, पीसीएमचे क्लास लागले, इंजिनिअर झाले, त्याच डिग्रीवर यजमान भेटले, इथवर आले. तक्रार करायला जागा नाही. पण ठरवलं होतं की माझ्या पोरीला हे वाक्य ऐकावं लागणार नाही. आणि बघा, बारावीला टीम सोडली तिनेही. मी अभ्यासासाठी सोडली, तिने खेळासाठीच. टीम दोघींचीही गेली.

एकटेपणाचं तुम्ही खाली एका ओळीत विचारलंय. त्याचं फार मनावर घेऊ नका. इंडियन स्टोअर दहा मिनिटांवर आहे, महाराष्ट्र मंडळाचा गणपती होतो, चितळ्यांची बाकरवडी मिळते, रोज व्हिडिओवर आई दिसते. पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. बास.

असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे माझी सवय होती मंगळवार आणि शुक्रवार. टेक्सासमध्ये शाळेच्या मुलींचे सामने साधारण त्या दोन दिवशी असतात. तीन हिवाळे मी ऑफिसातून थेट जिममध्ये जायचे. लाकडी पायऱ्यांवर, तिसऱ्या ओळीत, ठरलेल्या जागी. एक मेक्सिकन आई, एक केनियाची, एक इथलीच पिढ्यान्‌पिढ्यांची टेक्सन. जिममधल्या खाऊच्या काउंटरवर आळीपाळीने नाचोजवर चीज ओतायचं, वर हॅलपिन्यो मिरच्या ठेवायच्या, सुटे पैसे मोजायचे. हॅलपिन्योचा माझा हात सढळ म्हणून माझ्या पाळीला लांब रांग. कुणाच्या मुलीचे एका विषयात सत्तरच्या खाली मार्क आले तर सगळ्यांच्या पोटात गोळा, कारण इथे नापास झालं की तीन आठवडे सामन्यात उतरता येत नाही. माझ्या वडिलांच्या बायपासच्या वेळी त्या तिघींनी आळीपाळीने आठवडाभर जेवण पाठवलं. मंडळातल्या कुणाला तेव्हा पत्ताही नव्हता, कारण मी सांगितलंच नव्हतं. तिथे आम्ही सगळे मजेत असतो.

लेकीने सीझन सोडला आणि माझे मंगळवार-शुक्रवार गेले. कुणी ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. आपली मुलगी खेळत नसताना तिथे बसायचं तरी कुणाची आई म्हणून? ऑक्टोबरात मी तिच्याशी जे भांडले, तुझ्या मैत्रिणींना दगा देतेस वगैरे, ते तिच्यासाठी नव्हतं. तिला कळलं होतं ते. भांडण पेटल्यावर एकदा म्हणाली, "तुला तुझ्या बायका पाहिजेत म्हणून मी गुडघा मोडून घेऊ?" मला वाईट वाटलं ते तिने बरोबर ओळखलं म्हणून.

फेब्रुवारीत शेवटचा घरचा सामना, सीनियर नाइट. त्या रात्री बारावीच्या मुली आईवडिलांचा हात धरून कोर्टाच्या मध्यभागी येतात, नाव पुकारतात, फुलं देतात. लेक पहाटेच्या व्यायामाने दमून साडेआठलाच झोपलेली. मी दूध आणायला म्हणून निघाले आणि गेले. तिसऱ्या ओळीत माझी जागा रिकामी होती, पण बसले नाही. दारापाशी उभी राहिले. उत्तरार्धात केनियाच्या मैत्रिणीने पाहिलं, काउंटरवरून नाचोजचा डबा भरून आणून हातात ठेवला, म्हणाली, तुझ्याशिवाय यंदा हॅलपिन्यो उरतात. टीम सात गुणांनी हरली. आमची असती तर कदाचित जिंकली असती. कदाचित तिचा गुडघाही गेला असता. घरी दूध न घेताच आले, त्यावर सकाळी प्रश्न झाला.

तुमची मुलगी कुठवर खेळेल ते मला सांगता येणार नाही, पण कॅलेंडर बघून ठेवा. लेक एच-४ वर आहे, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळतो त्या व्हिसावर, आणि आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत. लेक सप्टेंबर २०२९ मध्ये एकवीस वर्षांची होईल, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या तोंडावर, आणि आमच्या व्हिसाच्या छत्राखालून बाहेर पडेल. तेव्हा तिला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत, पण एच-४ वरच्या मुलांना काम करून कमावता येत नाही. वकिलाने त्या पैशांना हात लावू नका म्हणून बजावलंय. टीममधल्या मैत्रिणीकडे नवी गाडी असेल आणि हिच्याकडे नसेल, त्यासाठी मनाची तयारी करतोय. मुलीला तुम्ही हे आत्ताच सांगा. आम्ही बारावीत सांगितलं, ते चुकलं.

गुडघा बरा आहे. येत्या जूनमध्ये, शाळा संपल्यावर दहा दिवसांनी, ती कॉलेजला जाते. शाळेच्या टीममधल्या खेळाडूंना मिळतं ते लेटर जॅकेट कपाटात आहे, नको म्हणाली.

तुम्ही ऑगस्टपर्यंत येणार असाल तर शाळेचे फॉर्म भरायच्या आधी मला फोन करा, मी सोबत येईन. भाषेच्या कागदावर मी परत मराठीच लिहीन, पण त्यानंतर येणारं संमतिपत्र या वेळी शब्द न् शब्द वाचेन. लसींचं कार्ड मूळ प्रतीत आणा, झेरॉक्स नको. आणि मुलगी टीममध्ये आली, अगदी ज्युनिअरच्या टीममध्ये आली, तरी काउंटरच्या पाळीत माझं नाव घाला. मंगळवार चालेल, शुक्रवारही.