तुझी सदतीस नोंदींची यादी

प्रिय पोरी,

वस्तीतल्या लोकांना कोणती मदत कुठे मिळते, याची तू केलेली यादी मिळाली. सदतीस नोंदी आणि प्रत्येकीपुढे फोन नंबर. मोबाइलवर एवढं बारीक मला वाचवत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि लाल पेन घेऊन बसले. महापालिकेच्या समाज विकास विभागात समूह संघटिका म्हणून तीस वर्षं वस्त्या तुडवल्या, त्यामुळे लाल पेनाची सवय काही सुटत नाही. रागावू नकोस.

पहिल्या नऊ नोंदींवर नुसती टिकमार्क केली आहे. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. सगळं बरोबर आहे. हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिही आणि किराणा दुकानाच्या फळीला चिकटव. ग्रुपवर टाकलेलं दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं.

दहाव्या नोंदीपासून माझं पेन अडखळायला लागलं. तू लिहिलंस, ‘निराधार वृद्धांना पेन्शन : संजय गांधी योजना, तहसील कार्यालय.’ यात पहिली दुरुस्ती म्हणजे पासष्टच्या पुढच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे; संजय गांधी योजना त्याखालच्यांसाठी, म्हणजे विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी यांच्यासाठी. खिडकी बहुतेक ठिकाणी एकच, पण अर्ज वेगळा. चुकीच्या अर्जावर तीन महिने गेलेले मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट यादीत लिहिता येणारी नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते. तुमच्या नळकोंडाळ्याजवळ राहतात तशाच एक आजी माझ्या वस्तीत होत्या. पेन्शन ‘बंद पडली’ म्हणून पाच महिने रडत होत्या. मी त्यांना नीट पत्ता लिहून तहसीलमध्ये पाठवलं. तिथे सांगितलं, ‘पैसे जमा झालेत.’ बँकेत सांगितलं, ‘काही जमा नाही.’ आजी दोन्हीकडे दोनदा जाऊन आल्या आणि मग घरातच बसल्या. शेवटी मी सोबत गेले तेव्हा उलगडा झाला. हे पैसे हल्ली आधारच्या आधारावर खात्यात जातात, आणि आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याला जोडलेलं असेल त्या खात्यात जातात. नातवाने कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी दुसऱ्याच बँकेत आजींचं खातं उघडून दिलं होतं. पासबुक ट्रंकेत, एसएमएस नातवाच्या जुन्या नंबरवर. पाच महिन्यांचे पैसे तिथे निवांत पडून होते. पत्ता दिला तो माझा उपकार आणि सोबत गेले नाही ती माझी चूक, असं मी तेव्हापासून मानते.

म्हणून पेन्शनपुढे फोन नंबरऐवजी तीन प्रश्न लिही : आधार कोणत्या बँकेला जोडलंय? मोबाइल नंबर कोणाचा दिलाय? यंदाचा हयातीचा दाखला दिलाय का? निम्म्या ‘बंद पडलेल्या’ पेन्शनी या तीन प्रश्नांतच सापडतात.

आणि हो, उत्पन्नाची अट. दिव्यांग सोडले तर वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,७५०. दोन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचीही कमाई याच्या वर जाते. वस्तीत ‘एकवीस हजारांचा दाखला’ हा एक स्वतंत्र शब्दच झालाय आणि त्याच्या भोवती एजंटांचं एक छोटं दुकान उभं आहे. ही अट हास्यास्पद आहे, असं मी नोकरीत असतानाही म्हणत होते. तरी एजंटाच्या टेबलापाशी तू कोणाला नेऊ नकोस. एकदा तू नेलंस की उद्या लोक तुलाच विचारतील, ‘ताई, तुमचे किती?’

आता रुग्णालयांकडे येते, कारण तिथे तू सर्वांत कमी लिहिलंस आणि वस्तीत त्याचीच सर्वांत जास्त गरज पडते. ‘धर्मादाय रुग्णालयात गरिबांना मोफत उपचार’ एवढी एक ओळ. ती वाचून माणूस मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर जाऊन ‘मोफत करा’ म्हणतो आणि काउंटरवरची मुलगी डिपॉझिट सांगते. माणूस परत येतो. माझ्याकडूनही असाच एक रिक्षावाला गेला होता, बायकोला घेऊन. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मी आत कुणाशी बोलले नव्हते आणि त्यालाही काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं.

तर काय बोलायचं ते असं. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी, तिथे उपचार मोफत. आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, तिथे सवलतीत. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. एकवीस हजारांची अट इथे नाही, हे लोकांना माहीतच नसतं. रिक्षावाले, वॉचमन, दुकानातले कामगार, पोळ्यांचं काम करणाऱ्या बायका यातले बरेच जण या मर्यादेत बसतात. खर्च भागवायला प्रत्येक रुग्णालयाने बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. म्हणजे आपण भीक मागत नाही. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, असंही त्या योजनेत आहे.

काउंटरवर थांबायचं नाही, ‘मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात?’ असं विचारायचं. त्यांच्या हाती तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड द्यायचं आणि अर्ज लेखी करायचा. हे दाखल होतानाच. बिल हातात पडल्यावर सांगितलं तर सगळे दयेचा सूर लावतात. खाटा भरल्यात असं म्हणाले तर ते लेखी मागायचं. लेखी मागितल्यावर पुष्कळदा एखादी खाट रिकामी निघते. तरीही नाहीच झालं तर धर्मादाय सह आयुक्तांचं कार्यालय.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं टेबल याहून वेगळं. ती विम्यासारखी आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत, पण ठरलेल्या आजारांसाठी आणि ठरलेल्या रुग्णालयांतच. तिथे ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. आधी त्याला गाठायचं, त्याच्या यादीत आजार नसेल तर सोशल वर्करकडे. हा क्रम लक्षात ठेव. उत्पन्नाचा दाखला मात्र आजारी पडण्याआधी काढून ठेवायला सांग. आयसीयूच्या बाहेर उभं राहून तहसीलच्या रांगेत कोण जाणार?

अंगणवाडी, आशाताई, लसीकरण हे तू छान लिहिलंस. एवढंच वाढव की समोरच्या बांधकामावरच्या मजुरांची मुलंही अंगणवाडीत येऊ शकतात. ती आपल्या वस्तीची नाहीत असं धरून सगळे चालतात, तूही. तसंच त्यांचं रेशनकार्ड बीडचं असो की नांदेडचं, धान्य पुण्यातल्या दुकानात मिळतं. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला, तर तू फक्त शेजारी जाऊन उभी राहा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

क्रमांक अठ्ठावीस, ‘गणेश मंडळ’, तू खोडलंस. का ते मला कळतं. दहा दिवस ढोल-ताशाने माझंही डोकं उठतं. पण खोडू नकोस. त्या मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बघ. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, एअरबेड, कधी ऑक्सिजनचं मशीनही. डिपॉझिट ठेवायचं, काम झालं की वस्तू परत आणि डिपॉझिट परत. पाय मोडलेल्या म्हातारीसाठी पाच-सहा हजारांची खरेदी त्यात वाचते. किल्ली कोणाकडे असते आणि रात्री अकरानंतर कोणाला उठवायचं, हे लिहून ठेव. तो मुलगा बहुधा तोच असेल, ज्याच्याशी तू डेसिबलवरून भांडलीस. जा, चहा पी त्याच्याबरोबर.

तुझ्या यादीत एक गोष्ट मुळीच नाही : घरात माणूस गेला तर काय करायचं. तरुणांच्या यादीत ती कधीच नसते. रात्री दोनला वस्तीतलं कुणी घरातच गेलं, तर पहिला प्रश्न डॉक्टरच्या दाखल्याचा. मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला असल्याशिवाय स्मशानात पुढचं काही हलत नाही आणि अनोळखी डॉक्टर सही करायला तयार नसतो. नेहमीचा डॉक्टर तोंडओळखीचा असेल तर येतो. म्हणून वस्तीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरांना आत्ताच भेटून ठेव. शववाहिका महापालिकेची मिळते. नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची, नाहीतर दंड आणि हेलपाटे. आणि नोंद करताना नावाचं स्पेलिंग मयताच्या आधारकार्डाशी ताडून बघायचं. दुःखात कुणाला ते सुचत नाही. पुढे विमा, पीएफ, विधवेची पेन्शन सगळं त्या एका अक्षरावर अडतं. ते अक्षर बघणारं माणूस तू हो. दाखल्याच्या चार-पाच प्रती तेव्हाच घ्यायला लाव.

माणसांबद्दल एक. तुमच्याकडे कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या ज्या ताई येतात, त्यांना तू यादीत ‘कचरा संकलन’ असं लिहिलंस. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि त्यातूनच पुढे त्यांची स्वतःची ही सहकारी संस्था उभी राहिली, हे तुला ठाऊक असेल. पण मी वेगळ्या कारणासाठी सांगते. कोणत्या दाराबाहेर दोन दिवस कचऱ्याचा डबा आला नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळतं. एकट्या राहणाऱ्या एका काकांना माझ्या वेळी अशाच एका ताईंमुळे वेळेत दवाखान्यात नेता आलं. त्यांना तुझा नंबर दे. त्यांचा नंबर मागण्यापेक्षा हे महत्त्वाचं.

नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयावर तू फार विसंबली आहेस. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा कळलं की लोकांना क्षेत्रीय कार्यालयाचा जिनासुद्धा माहीत नाही. तो जिना लोकांना दाखव. आणि कोणत्याही खिडकीवर कागद दिला की पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखल्यांना दिवस ठरवून दिलेले आहेत, उशीर झाला तर अपील करता येतं. पण पोच नसेल तर दिवस मोजायचे कुठून?

शेवटचं कागदांचं. २०१९ च्या २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा तू शाळेत असशील. दांडेकर पुलापासून अरण्येश्वरपर्यंत ओढ्याकाठच्या घरांत पाणी शिरलं, माणसं गेली, भिंती गेल्या. सकाळी मी चिखलातून फिरत होते. एका बाईने मला हाताला धरून घरात नेलं. मला वाटलं, भांडी दाखवेल. तिने गादीखालची कॅरीबॅग दाखवली : रेशनकार्ड, मुलीचा शाळेचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळ्याचा लगदा. जेवणाची पाकिटं त्या दिवशी चहूकडून आली, ब्लँकेटं इतकी आली की ठेवायला जागा नव्हती. त्या लगद्याचे पुन्हा कागद करायला आम्हाला पुढचं जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्या वर्षात तिच्या मुलीची शिष्यवृत्ती हुकली. त्यामुळे पावसाळा लागायच्या आत एका रविवारी दहा घरं घे. झिपची प्लास्टिक पिशवी, सगळे कागद तिच्यात, पिशवी वरच्या फळीवर. घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये फोटो. मुलांना करायला लाव, त्यांना ते आवडतं.

बाकीच्या नोंदी, म्हणजे अभ्यासिका, वाचनालय, विरंगुळा केंद्र, बचत गट, ठीक आहेत. फक्त वेळा तपासून घे. अभ्यासिका रात्री किती वाजता बंद होते हे पाटीवर न बघता तिथल्या मुलांना विचार. मोफत वकिलाच्या नोंदीत एक ओळ घाल : बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ती ओळ वाचून एखादी तरी येईलच.

बुधवारी तू तुमच्या नळकोंडाळ्याजवळच्या आजींना घेऊन तहसीलला जाणार म्हणालीस. मीही येते. दहाच्या आत पोचू, अकरानंतर रांग जिन्याखाली येते. आधार आणि पासबुकाच्या तीन-तीन झेरॉक्स, दोन फोटो, पेन, स्टेपलर आणि आजींसाठी पाण्याची बाटली घे. त्यांना सकाळची गोळी खाऊनच निघायला सांग. आणि ट्रंकेतली सगळी पासबुकं आणायला सांग, बंद झालेली म्हणतील तीसुद्धा.

तुझी,
ताई