भंगारातून बनवलेली सायन्स फिक्शनची वाहनं रंगवूनही खेळण्यासारखीच का दिसतात?

तुम्ही लिहिलंय की जत्रेतला डंपर, मोडकी रिमोटची गाडी, शाम्पूच्या बाटल्या असं जोडून तुम्ही मंगळावरची वाहनं बनवता, वरून चंदेरी स्प्रेही मारता, तरी ‘खेळण्याला बुचं चिकटवलीत’ असंच दिसतं. चुकतं कुठे, आणि पाचशे रुपयांत हे जमेल का?

चंदेरी स्प्रे आधी बंद करा. मीही तोच मारायचो. चकचकीत चंदेरी रंगात साच्याची प्रत्येक रेघ आणि गोंदाचा प्रत्येक ओघळ उठून दिसतो. शिवाय खाणीतल्या, बंदरातल्या खऱ्या अवजड यंत्रांना पिवळा, पांढरा, राखाडी असा साधा रंगच असतो.

पण खरी गडबड रंगाच्या आधीच झालेली असते. या वाहनात बसणारा माणूस केवढा, हे ठरवलेलंच नसतं.

माझा डंपर १८ सेंटिमीटर लांब होता. केबिनच्या खिडक्या अंगठ्याएवढ्या. एवढी खिडकी पाहिली की डोळा लगेच म्हणतो, ही छोटी गाडी. मी त्या खिडक्या एम-सीलने बुजवल्या, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासून सपाट केल्या आणि त्या जागी दोन मिलिमीटरच्या ड्रिल बिटने हातानेच तीन भोकं पाडली. बाकी काहीही न करता तो डंपर इमारतीएवढा वाटायला लागला. हिशोब १:२०० चा, म्हणजे सगळं खऱ्याच्या दोनशेव्या भागाएवढं. त्यात माणूस साधारण साडेआठ मिलिमीटरचा आणि गाडी ३६ मीटर लांब. हे फार होतंय असं वाटत असेल तर बेलाझ ७५७१० हा खाणीतला डंपर बघा, तो २०.६ मीटर लांब आहे आणि ४५० टन माल उचलतो. रॉकेट वाहून नेणारं नासाचं क्रॉलर तर सुमारे ४० मीटर लांब, १९६५ साली बांधलेलं, आणि रॉकेट घेऊन ताशी जेमतेम दीड किलोमीटर चालतं. दोन्हींचे फोटो जवळ ठेवा. कल्पनेतलं वाहन बनवायचं असलं तरी जिना, कठडा, पाइप कुठे येतात हे खऱ्या यंत्राकडूनच शिकावं लागतं.

एकदा माप ठरलं की घरातल्या वस्तू आपोआप कामाला येतात. १० नंबरच्या स्टेपलर पिनचे पाय साधारण पाच मिलिमीटरचे असतात. १:२०० मध्ये ते होतात एक मीटर, म्हणजे बरोबर कठड्याची उंची. बारीक भोकं पाडून पिना उलट्या ‘यू’सारख्या ओळीने खोचल्या की कठडा तयार. बारीक दातांच्या कंगव्याचा तुकडा म्हणजे शिडी. इअरफोनची वायर म्हणजे हायड्रॉलिक पाइप. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे फुगवटे म्हणजे टाक्या, पण आतून एम-सील भरा, नाहीतर बोट लागताच चेपतात. जुना प्रिंटर मिळाला तर सोनंच. पुण्यात असाल तर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पण घासाघीस केल्याशिवाय काही घेऊ नका.

आता इथेच बहुतेकांचा हात सुटतो. एवढं सामान जमलं की सगळंच चिकटवावंसं वाटतं. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी मॉडेल बनवणाऱ्यांनी रणगाड्यांच्या, विमानांच्या, मोटारींच्या प्लास्टिक किटचे ढीगभर सुटे भाग वापरले होते, आणि अशा बारीकसारीक भागांना या छंदात ‘ग्रीबल’ म्हणतात. आपण फोटो पाहतो आणि समजतो की जितके ग्रीबल तितकं भारी. तसं नसतं. इंजिनापाशी, सांध्यापाशी, चाकांच्या वर दाटी करा आणि बाजूचा मोठा पत्रा कोरा सोडा. त्या कोऱ्या जागेमुळेच दाटी बारीक वाटते. आणि बूच बूच म्हणून ओळखू येता कामा नये. कडेच्या खाचा घासून टाका, अर्धं कापा, दुसऱ्या भागात अर्धवट रुतवा.

चिकटवण्याबद्दल थोडं. बाटल्यांची झाकणं आणि डबे बहुतेक वेळा अशा प्लास्टिकचे असतात ज्यावर फेविक्विक धरतच नाही. डब्याच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा दिसला तर गोंदावर विसंबू नका, भोक पाडून तार किंवा स्क्रू घाला. फट राहिली तर त्यात खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब सोडा, क्षणात दगड होतो. तापतो आणि वाफही येते, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि तोंड लांब. थर्माकोलवर मात्र फेविकॉलच, आणि त्यावर थेट स्प्रे कधीच नाही. मी एका रात्री थर्माकोलचं आख्खं इंजिन स्प्रे करून झोपलो, सकाळी त्या जागी खड्डा होता.

सगळं जोडून झालं की मोटारींच्या रंगाच्या दुकानातला राखाडी प्रायमर मारा (थर्माकोलच्या भागांवर आधी कागद आणि फेविकॉलचे दोन थर). लाल डंपर, निळं झाकण, पांढरी वायर, सगळं एकदम एकाच कारखान्यातून आल्यासारखं दिसतं. माझ्यासाठी या छंदातला सगळ्यात मजेचा क्षण हाच. मग अ‍ॅक्रिलिकचा मुख्य रंग. तो वाळला की काळा-तपकिरी रंग पाण्यात अगदी पातळ करायचा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, सगळीकडे फिरवायचा आणि वरवर फडक्याने पुसून घ्यायचा. खाचांत काळपटपणा उरतो. शेवटी ब्रशवरचा फिकट रंग कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून फक्त कडांवरून हलका फिरवायचा. मंगळाची धूळ हवी असेल तर गेरू आहेच. चाकांपासून वर जाताना तो कमी होत गेला पाहिजे. मी पहिल्यांदा छतापर्यंत फासला होता, तो मंगळ न वाटता वीटभट्टी वाटली.

चाकांचं एक वेगळं सांगतो, कारण चाकांवरूनच खेळणं पकडलं जातं. १९७१ साली अपोलो १५ सोबत चंद्रावर गेलेल्या गाडीला रबरी टायर नव्हते, विणलेल्या तारेच्या जाळीची चाकं होती, सुमारे ८२ सेंटिमीटर व्यासाची. अशी छोटी गाडी बनवताना १:३५ चं माप धरलं तर ती २३ मिलिमीटरची होतात. तेवढं झाकण पट्टीने मोजून शोधा आणि त्यावर चहाच्या स्टीलच्या गाळणीची जाळी पट्टी कापून गुंडाळा. जाळीची कड हाताला कापते, मुलं सोबत बसत असतील तर हे काम तुमच्याकडे ठेवा.

पाचशेत जमतं. माझ्या डंपरला खेळण्याचे १२० आणि प्रायमर, एम-सील, फेविक्विक, दोन अ‍ॅक्रिलिक बाटल्या धरून साडेचारशेच्या आत खर्च आला, आणि प्रायमर पुढच्या तीन गाड्यांना पुरला. गाळणी तेवढी नवी आणा. मी घरातलीच कापली होती. आठवडाभर चहा फडक्याने गाळला गेला आणि ते फडकं धुवायचं काम माझ्याकडे होतं.