गॅलरीत सापडलेला उड्या मारणारा कोळी घरच्या बरणीत जगवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऐरोलीतल्या घराच्या गॅलरीत, मोगऱ्याच्या कुंडीवर तुम्हाला सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी रंगाचा आणि पाठीवर मधोमध फिकट पट्टा असलेला उड्या मारणारा कोळी सापडला. तो तुम्ही मुरांब्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवला आहे, पत्र्याच्या झाकणाला चार भोके पाडली आहेत आणि तळाशी ओली माती पसरली आहे. तो नीट जगावा म्हणून काय करावे, आणि आईला वाटणारी विषाची भीती कितपत खरी आहे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी ठाण्यात मानपाड्याला राहतो आणि गेली काही वर्षे असे कोळी थोड्या काळासाठी घरी ठेवून पुन्हा सोडत आलो आहे, त्यामुळे अनुभवातून सांगतो.

कोळी जगवता येतो. मात्र ती ओली माती आजच काढून टाका. हीच चूक मी पहिल्यांदा केली होती. ऑगस्ट महिना होता, कुठेतरी वाचलेले ‘दमटपणा हवा’ एवढेच डोक्यात होते, म्हणून मी नारळाचा भुसा भिजवून तळाशी दाबून बसवला आणि झाकण घट्ट लावले. तिसऱ्या दिवशी काचेला आतून घाम आला होता, अर्धवट खाल्लेल्या माशीवर पांढरी बुरशी उभी राहिली होती, आणि पाचव्या दिवशी सकाळी तो कोळी पाय पोटाशी ओढून तळाशी पडलेला दिसला. कोळ्याचे पाय ताठ राहतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबामुळे, आणि त्याची उडीही मागच्या पायांत तो दाब एकदम वाढल्यामुळे लागते. म्हणून मेलेल्या किंवा फार तहानलेल्या कोळ्याचे पाय असे आत वळतात. ते दृश्य मला आजही विसरता येत नाही. थंड, कोरड्या हवेच्या देशांतल्या लोकांनी लिहिलेल्या सूचना आपण जशाच्या तशा पाळू नयेत. ठाण्यात आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की आपल्याला तो वाढवावा लागत नाही. आपल्याला हवा खेळती ठेवावी लागते.

त्यासाठी काचेची बरणी सोडून द्या, कारण काचेच्या भिंतीला घरी भोके पाडता येत नाहीत आणि झाकणावरच्या चार भोकांनी आतली हवा हलत नाही. सुका मेवा मिळतो तशी पारदर्शक प्लास्टिकची, साधारण बारा सेंटिमीटर उंच आणि सात-आठ सेंटिमीटर रुंद बरणी घ्या, साबण न लावता गरम पाण्याने धुऊन वाळवा. सुई मेणबत्तीवर तापवून एका बाजूला तळाजवळ आणि समोरच्या बाजूला वरच्या भागात प्रत्येकी पंधरा-वीस बारीक भोके पाडा, म्हणजे हवा खालून शिरून वरून बाहेर पडेल. सुई आतून बाहेर ढकलता आली तर तसेच करा, कारण वितळलेल्या प्लास्टिकची टोकदार कड ज्या बाजूला सुई बाहेर पडते त्या बाजूला उभी राहते, आणि ती आत राहिली तर कोळ्याच्या पायांना व पोटाला इजा होऊ शकते. भोक एक मिलिमीटरहून मोठे नको.

यानंतर बरणी उलटी ठेवा, झाकण खाली. हे कोणी सांगितल्याशिवाय सहसा सुचत नाही, पण याने पुढचे अर्धे प्रश्न सुटतात. हा कोळी भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणत नाही, परंतु झोपण्यासाठी दाट पांढऱ्या रेशमाची एक पिशवी विणतो, आणि ती जवळपास नेहमीच सर्वांत वरच्या कोपऱ्यात असते. झाकण वर असले की तो ते घर नेमके झाकणाला चिकटवतो, आणि आपण दर वेळी झाकण उघडताना ते फाडत राहतो. बरणी उलटी केली की झाकण म्हणजे जमीन होते आणि त्याचे घर वर निर्धास्त राहते. भिंतीला एक बोटाएवढे भोक पाडून त्याला कापसाचा बोळा लावून ठेवा. भक्ष्य सोडायला आणि उरलेसुरले चिमट्याने काढायला तेवढे पुरते. तळाशी कोरडा टिश्यू पेपर घाला, कारण डाग पडला की तो बदलता येतो. आत खराट्याच्या दोन हिरा तिरक्या रोवा आणि एखादे वाळलेले पान ठेवा. याहून अधिक सजावटीची त्याला गरज नसते, उलट आत फार गर्दी झाली की त्याला भक्ष्य दिसत नाही आणि आपल्याला तो दिसत नाही.

बरणी उजेडात ठेवा, पण उन्हात मुळीच नको. हा दिवसा डोळ्यांनी शिकार करणारा प्राणी आहे, त्याला उजेड लागतोच. मात्र गॅलरीतल्या थेट उन्हात बंद बरणी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. मुंग्यांचेही भान ठेवा. कात टाकण्याच्या वेळी असहाय असलेल्या कोळ्याला लाल मुंग्या आत शिरून मारतात. लाडवांच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आपण परातीत पाणी घालून मध्ये डबा ठेवतो, तसाच उपाय येथेही करा. डासांची वडी, द्रवाचे यंत्र, झुरळांचा खडू किंवा फवारा यांपैकी काहीही त्या खोलीत वापरू नका. ही औषधे कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळी त्यांतून वाचत नाही. सोसायटीत धूरफवारणी होणार असेल त्या दिवशी खिडक्या लावून बरणी आतल्या खोलीत न्या.

पाणी वाटीत देऊ नका. दर दुसऱ्या दिवशी बारीक फवाऱ्याच्या बाटलीने बरणीच्या एका भिंतीवर दोन-तीन फवारे मारा, म्हणजे थेंब तयार होतील. कोळी थेंबाशी जाऊन तोंड टेकतो आणि बराच वेळ स्थिर राहून पितो. उन्हाळ्यात हे पाहण्यासारखे असते. त्याच्या अंगावर किंवा रेशमी पिशवीवर फवारा जाऊ देऊ नका, आणि संध्याकाळपर्यंत भिंत कोरडी झाली नाही तर भोके कमी पडली आहेत असे समजा.

भक्ष्याच्या बाबतीत मात्र कष्ट आहेत, कारण हा कोळी मेलेले खात नाही म्हटले तरी चालेल; त्याला हालचाल दिसावी लागते. भक्ष्य त्याच्या शरीराएवढे किंवा त्याहून लहान असावे. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला तीन-चार दिवसांतून एकदा पुरते, लहान पिल्लाला एक दिवसाआड द्यावे लागते. पोटाकडे पाहिले की सगळे कळते: पोट गोल आणि ताणलेले असेल तर थांबा, सुरकुतलेले आणि छातीहून बारीक दिसत असेल तर आधी पाणी आणि मग भक्ष्य द्या. कचराकुंडीजवळच्या माशा देऊ नका, त्यांनी विष चाखलेले असण्याचा धोका असतो. पिकलेल्या केळ्याच्या सालीवर जमणारी चिलटे लहान कोळ्यांना उत्तम. मोठ्यांसाठी माझा भरवसा आहे तो जुन्या धान्यातल्या पतंगांवर. रव्याला किंवा बाजरीला जाळी धरली की आपण ती फेकून देतो. मी मात्र भरडलेल्या बाजरीची तशी एक बरणी तोंडाला मलमलीचे कापड बांधून मुद्दाम बाजूला ठेवतो. त्या अळ्यांचे राखाडी पतंग होतात आणि एक पिढी सुमारे दीड महिन्यात पुरी होते. शेतीसाठी मित्रकीटक वाढवणाऱ्या प्रयोगशाळांतही हाच तांदळाचा पतंग भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर वाढवतात, कारण त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी पोसली जाते. घरच्या धान्याच्या डब्यांपासून ती बरणी दूर ठेवावी एवढेच.

पतंग आत सोडल्यावर घाई न करता पाहा. कोळ्याला आठ डोळे असतात. बाजूच्या डोळ्यांना हालचाल जाणवली की तो अख्खे अंग एका झटक्यात त्या दिशेला वळवतो आणि मग समोरचे दोन मोठे डोळे पतंगावर रोखतो. ते डोळे जागचे हलत नाहीत, परंतु त्यांच्या आतल्या नळीच्या टोकाचा दृष्टिपटल हलतो आणि कोळी आपल्यासमोरच्या आकृतीवरून नजर फिरवतो. मग तो पोट जमिनीला लावून इंच इंच सरकतो, थांबतो, शेपटाकडचा धागा हिरेला टेकवून पक्का करतो आणि उडी घेतो. उडी चुकली तर त्याच धाग्याला लोंबकळतो आणि वर चढून पुन्हा सुरुवात करतो. मी हे कितीतरी वेळा पाहिले आहे आणि धागा टेकवण्याची ती एक क्षणाची खबरदारी मला दर वेळी थक्क करते.

आता आईंच्या भीतीविषयी. या कोळ्याला विष असते, कारण त्याशिवाय भक्ष्य निश्चल होणार नाही, पण माणसाला त्यापासून धोका नाही. बोटात चिरडला किंवा कपड्यात अडकला तरच तो चावतो, आणि तेव्हाही मुंगी चावल्यासारखे दुखून थोडी सूज येते. पावसाळ्यात अंगावर लांबट, भाजल्यासारखे फोड उठले की घरोघरी ‘कोळी मुतला’ असे म्हणतात. त्या फोडांचे कारण बहुतेक वेळा पेडेरस नावाचा, मुंगीसारखा दिसणारा नारिंगी-काळा भुंगेरा असतो. तो रात्री दिव्याकडे येतो, झोपेत अंगाखाली चिरडला जातो आणि त्याच्या शरीरातल्या रसाने कातडी पोळते. कोळ्याचा त्यात काही संबंध नाही. आईंना हे शांतपणे सांगा आणि एकदा बरणीजवळ बसवून त्याला पतंग पकडताना दाखवा. माझ्या घरी बोलण्यापेक्षा त्याचाच उपयोग झाला.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही बहुधा प्लेक्सिपस पायकुली या जातीची मादी असावी. आपल्याकडच्या इमारतींत ती सर्रास आढळते. नर काळपट असून त्याच्या पाठीवर पांढरा पट्टा असतो. फोटो पाहिल्याशिवाय मी खात्री देणार नाही, परंतु नर की मादी हे तुम्ही स्वतः तपासू शकता: तोंडाजवळच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांची टोके मुष्टियुद्धाच्या हातमोज्यांसारखी फुगलेली असतील तर तो प्रौढ नर आहे. तो असेल तर आजच सोडा. प्रौढ नर मादीच्या शोधात भटकण्यासाठीच जगतो, बरणीत दिवसभर भिंतीवर वरखाली फिरत राहतो, नीट खात नाही, आणि त्याच्या हाती फार दिवसही नसतात. हे कोळी एकंदर वर्षभराच्या आसपासच जगतात.

मादी असेल तर दोन गोष्टींची तयारी ठेवा. ती अजून वाढीच्या वयाची असली तर एक दिवस पिशवी दाट करून स्वतःला आत कोंडून घेईल आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त, बाहेर येणार नाही. ती कात टाकत असते. तेव्हा पिशवी उघडून पाहू नका, बरणी हलवू नका, आणि आत एकही जिवंत कीटक राहू देऊ नका, कारण मऊ अंगाच्या कोळ्याला साधा नाकतोडाही कुरतडू शकतो. बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस फक्त पाणी द्या. ती प्रौढ असली तर बाहेरच तिचा नराशी संबंध आलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग पिशवीत अंडी दिसतील. मादी अंड्यांची राखण करते, त्या काळात फारसे खात नाही. सुमारे तीन आठवड्यांनी काही डझन पिल्ले बाहेर पडतात आणि एक मिलिमीटरच्या भोकांतूनही निसटतात. एवढ्या पिल्लांना पोसणे घरात शक्य नाही. अंडी दिसताच बरणी गॅलरीतल्या सावलीच्या कोपऱ्यात हलवावी आणि पिल्ले दिसू लागली की उघडी करावी.

पुढे कधी मुद्दाम शोधायला गेलात तर येऊरच्या बाजूला किंवा कर्नाळ्याला जाऊन काही उचलू नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, कर्नाळा अभयारण्य आहे, आणि तेथून परवानगीशिवाय कोणताही प्राणी आणणे कायद्याने गुन्हा आहे. घराच्या गॅलरीत, सोसायटीच्या कुंपणावर पुष्कळ मिळतात. शिवाय सोडण्याआधी चांगले फोटो काढून ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, समोरून आणि वरून असे दोन्ही. 2021 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात संशोधकांनी नोंदवली आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण देणारे तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला आयसियस तुकारामी हे नाव दिले. इतक्या वस्तीच्या भागात ती तोवर कोणाच्या नोंदीत नव्हती.

माझे मत विचाराल तर एक-दोन महिने ठेवा आणि सोडा. सलग दहा दिवस खाल्ले नाही, कातही टाकली नाही आणि भिंतीवर सतत फेऱ्या चालू राहिल्या, तर त्याआधीच सोडा. सकाळी नऊच्या सुमारास, पाऊस नसताना, बरणी मोगऱ्याच्या त्याच कुंडीत आडवी ठेवून झाकण काढा आणि बाजूला व्हा. बोटाने किंवा कागदाने बाहेर ढकलू नका. माझी मागची मादी बरणीच्या काठावर येऊन पाऊण तास बसली होती, मग तिने काठाला धागा टेकवला आणि जवळच्या पानावर उडी घेतली.