विषाचा उतारा फ्लास्कमध्ये कसा घडला?

प्रश्न : गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेत औषध मारताना वडिलांना विषबाधा झाली. दवाखान्यात ॲट्रोपिन आणि ‘पाम’ या उताऱ्यांची इंजेक्शनं दिली, आता ते बरे आहेत. मी नाशिकला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करतो. ‘पाम’ कसं सापडलं? आणि सिंथेसिस करणाऱ्यानं, म्हणजे रेणू बनवणाऱ्यानं, एन्झाइम शिकावं का?
– एक विद्यार्थी, ता. निफाड

उत्तर : वडील बरे आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. दवाखाना वेळेत गाठलात, फार चांगलं केलंत.

ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशक ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमला, म्हणजे शरीरातली क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, धरून बसतं. एरवी हे एन्झाइम ॲसिटिलकोलिनचे, म्हणजे नसांचा निरोप पोचवणारे, हजारो रेणू सेकंदाला तोडतं. दर खेपेला एन्झाइमच्या सेरीन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट चिकटतो आणि पाणी तो लगेच सोडवतं. कीटकनाशकाचा फॉस्फरस मात्र पाण्याला दाद देत नाही. मग ॲसिटिलकोलिन न तुटता साचत जातं, तोंडाला फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात.

हायड्रॉक्सिलअमीन हा फॉस्फरस सोडवतं, पण ते खूप घालावं लागतं, हे अमेरिकेत अर्विन विल्सन यांना दिसलं होतं. ॲसिटिलकोलिनचा धनभारित नायट्रोजन एन्झाइममध्ये ठरलेल्या जागी बसतो. विल्सन यांनी तीच जागा हेरली. तिथं आपल्या रेणूचा धनभारित नायट्रोजन बसवायचा, म्हणजे त्याच रेणूतल्या शेजारच्या ऑक्झाइम गटाचा (C=N–OH) ऑक्सिजन नेमका फॉस्फरसवर जाईल. १९५५ साली ‘पाम’ आलं. पण काही तासांत फॉस्फरसवरचा एक गट गळून पडला, की तेही चालत नाही. म्हणून वेळेला एवढं महत्त्व.

बनवायला ते दोन पायऱ्यांचं. पिरिडीन-२-अल्डिहाइडवर हायड्रॉक्सिलअमीन, मग मिथिल आयोडाइड. मी कॉलेजात वर्षानुवर्षं ऑक्झाइम करून घेतली. पांढरे स्फटिक आले, वितळणबिंदू जुळला, की जर्नलवर सही. असा रेणू शरीरात कुठं जाऊन बसतो, हे मुलांना सांगायचं राहून गेलं. त्याची रुखरुख आजही आहे.

म्हणून तुम्ही एन्झाइम शिकाच. प्रोजेक्टला एकाच सांगाड्याचे चार-पाच रेणू करा, प्रत्येकात एकच गट बदला आणि याच एन्झाइमवर एलमन यांच्या १९६१च्या पद्धतीनं तपासा. क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, पिवळा रंग चढतो. तो जितका सावकाश चढेल, तितका तुमचा इनहिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारा रेणू, जोरदार. कोणत्या गटानं फरक पडला ते बघून पुढचा रेणू ठरवा. एन्झाइम न घालता एक क्युव्हेट मात्र दरवेळी लावा. तुमचा रेणू स्वतःच पिवळा असेल, तर ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशावर घेतलेलं रंगाचं रीडिंग फसवतं.