पन्नास लाख संपल्यानंतरचं

प्रिय डॉक्टर,

दुर्मीळ आजारांच्या सरकारी मदतीचे अर्ज ठरवणाऱ्या समितीत तू आहेस. गोशे या दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या (शरीरात एक एन्झाइम कमी पडतं) एका मुलावर मदतीचे ५० लाख खर्च करायचे, तेवढ्यात सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होतात तो आनुवंशिक आजार) किती मुलं सांभाळली गेली असती, हा हिशेब डोक्यातून जात नाही असं तू लिहिलंस. हिशेब जरूर कर. पण तो ज्या तऱ्हेने तुझ्यापुढे ठेवला गेलाय, ती मला पटत नाही.

गडचिरोली किंवा नंदुरबारच्या एखाद्या आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध नसेल, तर ते गोशेच्या मुलामुळे नव्हे. ती कॅप्सूल स्वस्त आहे. अडतं ते खरेदीत, पुरवठ्यात, आणि तपासणीत सापडलेल्या मुलाकडे पुन्हा कुणी फिरकत नाही तिथे. या मुलाला नाही म्हटलंस म्हणून वाचलेला रुपया गडचिरोलीतल्या धानोऱ्याला पोचत नाही.

किंमत म्हणजे काही निसर्गनियम नाही, हेही ध्यानात ठेव. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या रिसडिप्लाम या औषधाची बाटली सुमारे ६ लाखांना मिळायची. २०२५ मध्ये न्यायालयांनी भारतीय कंपनीचं जेनेरिक अडवायला नकार दिला आणि ती १५,९०० रुपयांना बाजारात आली. औषध तेच. म्हणून 'परवडत नाही' असा शेरा मारण्याआधी कुठल्या किमतीला परवडत नाही, तेही फाईलवर लिही.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येते. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात आधी २० लाखांची मदत होती, २०२२ मध्ये ती ५० लाखांपर्यंत नेली. गोशेचं एन्झाइम दर पंधरा दिवसांनी, वजनाच्या हिशेबाने द्यायचं, तेही जन्मभर. म्हणजे औषध लागू पडलं, पोर अंगाने भरलं, की पैसे अधिक लवकर संपणार! ज्या मुलाला गुण येतो त्याचंच खातं आधी रिकामं होतं. मदतीला मर्यादा आहे याचं मला वाईट वाटत नाही, ती कुठेतरी असणारच. ती संपल्यावर काय, याची जबाबदारी कुणाच्याच नावावर नाही, हे मात्र मला अनैतिक वाटतं.

तेव्हा पहिली सलाईन लावण्याआधी आईवडिलांना बसवून सांग, ही रक्कम साधारण किती महिने पुरेल. पुढे कंपनीच्या मोफत औषध योजनेचा अर्ज कोण करणार, कधी करणार, तेही तेव्हाच ठरव. 'पुढचं पुढे बघू' म्हणणं दयाळू वाटतं, पण पुढे ते आईवडिलांनाच एकट्याने बघावं लागतं.

लोकवर्गणीबद्दल विचारलंस. एसएमएवरच्याच १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी पैसे जमलेले आपण पाहिलेत, देणाऱ्यांचं मन मोठंच. पण व्हिडिओ कुणाचा फिरतो? गोंडस बाळाचा, शहरातल्या, चार ओळखी असलेल्या घराचा. हाडं दुखतात म्हणून रात्रभर कण्हणाऱ्या, सिकलसेल असलेल्या चौदा वर्षांच्या माडिया आदिवासी मुलाचा फिरत नाही. तुझ्या समितीत निदान हा निकष शिरू देऊ नकोस. शिफारशीचे फोन येतील, मंत्रालयातूनही येतील. त्यांची नोंद इतिवृत्तात कर, म्हणजे कमी येतील.

आणि सिकलसेलच्या ओपीडीत 'वाहकाने वाहकाशी लग्न करू नये' असा फलक असेल तर काढून टाक. दोघे वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण आजाराचं जनुक अंगात आहे असे) असतील तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची २५ टक्के शक्यता असते, एवढं समजावून सांग आणि गर्भजल तपासणी कुठे होते ते सांग. लग्नाचं त्यांचं ते ठरवतील.

पुढच्या बैठकीआधी निकषांचा मसुदा पाठव. नाकारलेल्या अर्जदारांना कारण लेखी द्यायचं, हे कलम त्यात हवं. ते गाळायचा आग्रह कुणी धरलाच, तर त्याचं नाव मला कळव.

तुझी,
मॅडम